दुखणे मुखाचे, गाठ मानेत : लसीकावाहिन्यांचे कार्य आणि दाह

दंतचिकित्सा विभागात व मुखरोगांच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णांचे नातलग दोन प्रश्न वारंवार विचारतात. पहिला प्रश्न असा की, "दुखणे दाढेचे आहे, मग गाठ जबड्याखाली मानेत कशी आली?" दुसरा प्रश्न अधिक चिंतेचा असतो : "व्रण जिभेवर आहे, मानेत तर हाताला काहीच लागत नाही, मग डॉक्टर मानेचीही शस्त्रक्रिया करावी असे का म्हणतात?" वरवर पाहता हे प्रश्न निरनिराळे वाटतात, परंतु दोहोंचे उत्तर शरीरातील एकाच यंत्रणेत दडलेले आहे. ती यंत्रणा म्हणजे लसीकावाहिन्यांचे जाळे. या जाळ्याचे निरोगी अवस्थेतील कार्य, मुखात दाह उत्पन्न झाला असता त्यात होणारे बदल आणि ते बदल समजून घेतल्याने उपचारांचे निर्णय कसे सुलभ होतात, याचा परिचय आपल्या देणगीदारांना, विश्वस्तांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

लसीका म्हणजे काय?

गुडघा खरचटला की रक्त थांबल्यानंतर जखमेतून फिकट पिवळसर पाणी पाझरते. त्यास आपण 'लस' म्हणतो. शरीराच्या प्रत्येक भागात असा द्रव अखंड पाझरत असतो. रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून वाहत असताना त्यातील पाण्याचा व प्रथिनांचा काही अंश भिंतीतून बाहेर पडून पेशींच्या मधल्या जागेत येतो. पेशींचे पोषण याच द्रवातून होते. मात्र हा द्रव तेथेच साचून राहिला तर सर्वांग सुजेल. म्हणून तो गोळा करून रक्तात परत नेण्यासाठी निसर्गाने वाहिन्यांचे एक स्वतंत्र जाळे निर्माण केले आहे. या वाहिन्या म्हणजे लसीकावाहिन्या आणि त्यांतून वाहणारा द्रव म्हणजे लसीका. दिवसभरात काही लिटर द्रव या मार्गाने फिरून शेवटी मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या नीलांमध्ये रक्तास मिळतो.

इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली यांनी १६२२ मध्ये कुत्र्याच्या आतड्यालगत दुधाळ रंगाच्या वाहिन्या पाहिल्या. पुढे १६५० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडनमध्ये ओलाउस रुडबेक आणि डेन्मार्कमध्ये थोमास बार्थोलिन यांनी हे जाळे शरीरात इतरत्रही असल्याचे दाखवून दिले. तरीही पुढील तीन शतके या वाहिन्या रक्तवाहिन्यांच्या तुलनेत उपेक्षितच राहिल्या, कारण त्यांच्या भिंती अत्यंत पातळ व आतील द्रव जवळजवळ रंगहीन असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या निश्चितपणे ओळखता येतील अशी रासायनिक चिन्हे १९९० च्या दशकात हाती आली, आणि तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासास खरी गती मिळाली.

वाहिन्यांच्या मार्गात जागोजागी लसीकाग्रंथी असतात. त्यांना आपण ठाणी म्हणू शकतो. लसीकेबरोबर वाहत आलेले जंतू व मृत पेशींचे अवशेष तेथे अडविले जातात, त्यांची तपासणी होते आणि त्यांच्याविरुद्ध संरक्षक पेशी सज्ज केल्या जातात. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हा अनुभव ग्रामीण भागातील कोणासही नवा नाही. अवधाण म्हणजे दुसरेतिसरे काही नसून कामाला लागलेली लसीकाग्रंथी होय. मुखाच्या बाबतीत हेच अवधाण जबड्याखाली किंवा मानेत येते. पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर हेच आहे.

मुखाचा निचरा कोठे होतो?

हिरड्या, गालाचे आतील अस्तर, जीभ, टाळू आणि ओठ या सर्वांत लसीकावाहिन्यांचे दाट जाळे असते. अन्न, हवा व असंख्य जंतू यांच्याशी मुखाचा अष्टौप्रहर संबंध येत असल्याने येथे निचऱ्याची व राखणीची अशी दुहेरी गरज असते. डोके व मान या भागात लसीकाग्रंथींची दाटी का आहे, हेही यावरून समजते. शरीरातील एकूण ग्रंथींपैकी सुमारे एकतृतीयांश ग्रंथी याच भागात आहेत.

प्रत्येक भागाचा निचरा साधारणपणे ठरलेल्या ग्रंथींकडे होतो. खालचे पुढचे दात, खालच्या ओठाचा मधला भाग व जिभेचे टोक यांची लसीका हनुवटीखालील ग्रंथींकडे जाते. बहुतेक दाढा, गाल व जिभेच्या कडा यांची लसीका जबड्याच्या हाडाखालील ग्रंथींकडे वळते. जिभेचा मागील भाग व घसा यांची लसीका मानेतील खोल ग्रंथींकडे जाते, आणि जिभेच्या मध्यालगतच्या व मागील भागातून ती दोन्ही बाजूंना पोहोचते. त्यामुळे मानेतील गाठ नेमकी कोठे आहे यावरून अनुभवी डॉक्टर मूळ दुखणे मुखात कोठे शोधावे याचा अंदाज बांधतात. रुग्ण मानेची गाठ दाखवावयास आला असता त्यास "तोंड उघडा, जीभ बाहेर काढा" असे सांगितले जाते, ते याच कारणाने.

दाह सुरू होताच काय घडते?

दातांच्या मुळाशी कीटण साचले व त्यात जंतूंनी ठाण मांडले की हिरडी लाल होते, सुजते, दात घासताना रक्त येते. यालाच हिरडीचा दाह म्हणतात. दाह ही मुळात संरक्षणाची क्रिया आहे. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि द्रव, प्रथिने व पांढऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. हा वाढलेला द्रव दोन वाटांनी जातो. काही अंश दात व हिरडी यांच्यामधील फटीतून मुखात पाझरतो. उरलेला वाहून नेण्याचा भार लसीकावाहिन्यांवर येतो.

या वाहिन्यांची रचना अशा प्रसंगासाठी अतिशय अनुकूल आहे. त्यांच्या अगदी टोकाकडील शाखांत भिंतीच्या पेशी एकमेकींवर झाडाच्या पानांसारख्या किंचित चढलेल्या असतात. सदऱ्याला मधून मधून गुंड्या लावाव्यात व दोन गुंड्यांमध्ये फट राहावी, तशी त्यांची जोडणी असते. २००७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी ही रचना सविस्तर वर्णिली. या पेशी बारीक तंतूंनी आसपासच्या ऊतींशी बांधलेल्या असतात. ऊती सुजल्या की तंतू ताणले जातात, फटी उघडतात आणि द्रव आपोआप आत ओढला जातो. म्हणजे सूज हीच निचऱ्याचे दार उघडणारी किल्ली ठरते.

पुढील मोठ्या वाहिन्यांत एकमार्गी झडपा असतात व भिंतीत स्नायू असतात. हे स्नायू ठरावीक लयीने आकुंचन पावून लसीका पुढे ढकलतात. हृदयासारखा मध्यवर्ती पंप या यंत्रणेत नाही. वाहिनीचा प्रत्येक तुकडा हाच एक छोटा पंप असतो. चघळणे, गिळणे, बोलणे व मान हलविणे या हालचालींचेही त्यास साहाय्य होते.

लसीकावाहिन्यांचे दुसरे कार्य निरोप पोहोचविण्याचे आहे. मुखाच्या अस्तरात पहारेकरी पेशी विखुरलेल्या असतात. जंतूंचा अंश हाती लागताच त्या वाहिनीत शिरतात व ग्रंथीपर्यंत प्रवास करतात. वाट दाखविण्यासाठी वाहिनीच्या भिंतीतूनच विशिष्ट रासायनिक संकेत स्रवतात. ग्रंथीत पोहोचल्यावर त्या आपल्याजवळील पुरावा तेथील पेशींसमोर मांडतात. त्या पेशींची संख्या झपाट्याने वाढते व ग्रंथी फुगते. अशी ग्रंथी दाबल्यास दुखते, मऊसर असते आणि बोटाखाली सरकते. मूळ दुखण्यावर उपचार झाला की काही दिवसांत ती हळूहळू बसते.

दाह रेंगाळला तर?

दाह लांबल्यास शरीर नव्या लसीकावाहिन्या निर्माण करू लागते. दाहाच्या जागी जमलेल्या पेशी वाढीची विशिष्ट प्रथिने स्रवतात. त्यांपैकी 'व्हीईजीएफ-सी' हे प्रथिन फिनलंडमधील हेलसिंकी येथील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रथम वर्णिले. ते लसीकावाहिन्यांच्या भिंतीवरील ग्राहकास जोडले गेले की वाहिन्या रुंदावतात व त्यांना नवे कोंब फुटतात. हा प्रतिसाद उपकारकच आहे, कारण वाढलेल्या निचऱ्यासाठी अधिक मार्ग उपलब्ध होतो.

परंतु संख्येने वाढलेल्या वाहिन्या गुणाने तितक्याच समर्थ राहतात असे नाही. उंदरांच्या श्वासनलिकेतील दीर्घकाळ टिकणाऱ्या जंतुसंसर्गाच्या अभ्यासात असे आढळले की, वर वर्णिलेली गुंड्यांसारखी जोडणी बदलून चेनसारखी सलग व घट्ट होते. त्यामुळे द्रव आत शिरण्यास अडथळा येतो. औषधाने संसर्ग आटोक्यात आल्यावर नव्याने वाढलेल्या रक्तवाहिन्या पूर्ववत झाल्या, परंतु वाढलेल्या लसीकावाहिन्या मात्र बहुतांशी तशाच राहिल्या. २०११ मध्ये उंदरांवरच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, दाहाच्या जागी जमलेल्या पेशींनी निर्माण केलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे लसीकावाहिन्यांचे लयबद्ध आकुंचन मंदावते, असे दिसून आले. सारांश, थोडक्या काळाच्या दाहात ही यंत्रणा तत्परतेने साहाय्य करते. दाह महिनोन्महिने चालला तर तीच थकते, आणि साचलेला द्रव व जंतूंचे विषारी अंश दाहास आणखी खतपाणी घालतात.

हिरड्यांच्या बाबतीत याचा पुरावा नॉर्वेतील बर्गेन येथून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून मिळतो. हिरड्यांत लसीकावाहिन्या नसलेल्या विशिष्ट जातीच्या उंदरांना व सर्वसाधारण उंदरांना, माणसाच्या हिरडीरोगास कारण होणाऱ्या जंतूचा संसर्ग देऊन ४२ दिवस निरीक्षण करण्यात आले. वाहिन्या नसलेल्या उंदरांत दातांभोवतीचे हाड लक्षणीयरीत्या अधिक झिजले. त्यांच्या हिरड्यांतील दाह तीव्र होता. उलट रक्तातील त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे कमी होती. निचरा थांबला, निरोपही नीट पोहोचला नाही आणि त्याची किंमत हाडाने मोजली, असे या निष्कर्षाचे सार सांगता येईल. प्रयोग उंदरांवरील असल्याने तो जसाच्या तसा माणसास लागू करता येणार नाही. तथापि हिरडीतील या सूक्ष्म वाहिन्या दात धरून ठेवणाऱ्या हाडाच्या रक्षणकर्त्या आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

हिरडीतून रक्त येणे हे वयानुसार चालायचेच, असे समजून अनेक जण वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात. काही जण रक्त येते म्हणून दात घासणेच सोडतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. कीटण काढून हिरड्या स्वच्छ केल्या की दाहाचे मूळ कारण दूर होते व निचऱ्याच्या यंत्रणेस विसावा मिळतो. मशेरी लावल्याने हिरड्या घट्ट होतात, ही समजूतही सोडून द्यावयास हवी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय.

त्याच वाटेने येणारा शत्रू

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जी वाट पहारेकरी पेशी वापरतात, तीच वाट मुखाच्या कर्करोगाच्या पेशीही वापरतात. काही अर्बुदे व्हीईजीएफ-सी स्वतःच निर्माण करतात, त्यायोगे आसपासच्या लसीकावाहिन्या रुंद होतात आणि पेशींना ग्रंथीपर्यंत पोहोचणे सुलभ होते, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून २००१ मध्ये दिसून आले. अर्बुदाच्या पेशी ग्रंथीत शिरल्या तरी आरंभी त्यांची संख्या इतकी अल्प असते की ग्रंथी आकाराने वाढत नाही, हाताला लागत नाही आणि पुष्कळदा सोनोग्राफी वा सीटी स्कॅनमध्येही ओळखू येत नाही. "मानेत काहीच लागत नाही" याचा अर्थ "मानेत काहीच नाही" असा होत नाही, तो यामुळेच.

मग मानेची शस्त्रक्रिया आधीच करावी की गाठ दिसेपर्यंत वाट पाहावी, हा प्रश्न जगभरच्या शल्यचिकित्सकांसमोर अनेक वर्षे होता. त्याचे सर्वांत ठोस उत्तर आपल्या मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयाने दिले, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, आरंभीच्या अवस्थेतील मुखकर्करोग असलेल्या व मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात मुखाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथीही काढल्या. दुसऱ्या गटात नियमित तपासणी करून गाठ आढळल्यासच मानेची शस्त्रक्रिया केली. पहिल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. दर शंभर रुग्णांमागे बारा-तेरा जीव अधिक वाचणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. डॉक्टर मानेच्या शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात तेव्हा त्यामागे हा पुरावा उभा असतो, हे नातलगांनी ध्यानी घ्यावे.

या शस्त्रक्रियेची किंमतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ग्रंथी काढल्या गेल्या किंवा किरणोपचार झाले की त्या भागाचा निचरा काही प्रमाणात बाधित होतो. हनुवटीखाली, गालावर वा मानेत सूज येते. रात्रभर आडवे झोपल्याने ती सकाळी अधिक जाणवते व दिवसा काहीशी उतरते. हत्तीरोगात पाय सुजतो, त्याचेही मूळ लसीकावाहिन्यांच्या बिघाडातच असते. फरक एवढाच की तेथे बिघाड कृमींमुळे होतो. मानेतील ही सूज म्हणजे रोग परत आला असे लगेच मानू नये; मात्र ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी. उशाकडील बाजू उंच ठेवून झोपणे, मान व खांद्यांचे शिकविलेले व्यायाम करणे आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून हलक्या हाताने विशिष्ट दिशेने मालिश शिकून घेणे, यांचा चांगला उपयोग होतो. सर्वच ग्रंथी न काढता, अर्बुदाची लसीका ज्या ग्रंथीत प्रथम पोहोचते ती किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने शोधून केवळ तीच आधी तपासण्याची पद्धतही पुढे आली आहे. २०२० व २०२१ मध्ये फ्रान्स व जपान येथून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत निवडक रुग्णांमध्ये तिचे निष्कर्ष समाधानकारक आढळले. मात्र त्यासाठी विशेष यंत्रसामग्री व अनुभवी चमू लागतो.

गाठ काय सांगते?

मानेतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुसंख्य गाठी साध्या जंतुसंसर्गाच्याच असतात. तथापि पुढील गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात.

दाढ दुखत असताना जबड्याखाली आलेली, दुखरी, मऊ व सरकणारी गाठ सामान्यतः दाहाची असते. दाढेवर उपचार करावा. केवळ गाठ बसविण्याचे औषध घेऊ नये.

महिनोन्महिने टिकणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या, कधी फुटून वाहणाऱ्या गाठींना आपल्याकडे गंडमाळा म्हणतात. क्षयरोग हे त्यांचे एक प्रमुख कारण आहे. बारीक सुईने घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीने निदान होते, आणि पूर्ण मुदतीच्या औषधोपचाराने हा रोग बरा होतो.

टणक, न दुखणारी, वाढत जाणारी व जागेवर घट्ट रुतलेली गाठ असल्यास विलंब करू नये. तंबाखू, गुटखा, सुपारी, मशेरी वा धूम्रपान यांची सवय असलेल्यांनी तर मुळीच नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु पूर्वीच्या सेवनाचा धोका बंदीने पुसला जात नाही. मुखातील व्रण, लाल वा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत आणि मानेतील गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर तपासणी करून घ्यावी. न दुखणे हे निर्धास्त राहण्याचे कारण नव्हे.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना एकाएकी पसरणारी कठीण सूज, ताप, जीभ वर उचलली जाणे, तोंड न उघडणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होणे, ही लक्षणे ग्रंथीच्या साध्या सुजेची नाहीत. खालच्या दाढेचा पू आसपासच्या ऊतींत पसरल्याची ती खूण असू शकते. श्वासमार्ग बंद होण्याचा धोका असल्याने अशा रुग्णास त्याच क्षणी रुग्णालयात आणावे. सकाळची वाट पाहू नये.

गाठीवर डाग देणे, ती रगडणे, लेप लावून आठवडे घालविणे किंवा घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या घेणे, हे सर्व टाळावे. असे केल्याने गाठ दिलेला निरोप दडपला जातो, मूळ दुखणे मात्र तसेच राहते.

समारोप

हिरड्यांची स्वच्छता, सुईची एक तपासणी, सूक्ष्मदर्शकाखालील एक काचपट्टी, मुखतपासणीचे एक शिबिर या गोष्टी मोठ्या इमारतीसारख्या वा नव्या यंत्रासारख्या डोळ्यांत भरत नाहीत. परंतु गाठीचा निरोप वेळेवर वाचला जातो तो याच साध्या साधनांमुळे. ज्या कुटुंबास तपासणीचा खर्च झेपत नाही, ते कुटुंब बहुधा गाठ मोठी होईपर्यंत थांबते. आणि वरील चाचणीतील आकडे थांबण्याचे मोल किती असते ते सांगतात. धर्मादाय रुग्णालयास मिळणारी लहानशी देणगीही हे थांबणे टाळू शकते, म्हणून तिचे महत्त्व रकमेवरून मोजता येत नाही.

कुटुंबीयांस विनंती एवढीच की, घरातील वडीलधाऱ्यांना दात घासताना रक्त येते का, तोंडात न भरणारा व्रण आहे का, मानेला हाताला काही लागते का, हे आपणहून विचारावे. पुष्कळदा त्यांना ते ठाऊक असते. कोणास त्रास नको म्हणून ते बोलत नाहीत. त्यांच्या शरीराने मात्र आपला निरोप केव्हाच धाडलेला असतो.